एल्डर स्क्रोल्सच्या जगात खरं काय मानायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला पहिला गेम, अरेना, १९९४ साली आला. तेव्हापासून टॅमरिएल या खंडाचा इतिहास गेमागणिक वाढत गेला आहे. स्कायरिम खेळून झालं की माणूस जुन्या गेमकडे वळतो, त्यातली पुस्तकं वाचू लागतो आणि लवकरच अडखळतो, कारण एका ठिकाणी जे लिहिलंय त्याच्या नेमकं उलट दुसऱ्या ठिकाणी सापडतं. मग तेच ते प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कथानकातली रहस्यं पुढे उघड केलेली आहेत, त्यामुळे मोरोविंड खेळायचं राहिलं असेल तर आधी ते खेळून या.

कॅनन म्हणजे काय आणि लोर म्हणजे काय?

एखाद्या काल्पनिक जगाविषयी जे काही लिहिलं, दाखवलं, बोललं गेलं ते सगळं लोर. त्यात दंतकथा आल्या, देवांच्या जन्मकथा आल्या, वंशावळी, नकाशे, अफवा, सगळं आलं. यातलं 'त्या जगात हे खरोखर घडलं' असं ज्याच्याबद्दल म्हणता येतं ते कॅनन. बऱ्याच मालिकांमध्ये या दोहोंत फार अंतर नसतं. एल्डर स्क्रोल्समध्ये मात्र लोरचा पसारा प्रचंड आहे आणि निर्विवाद कॅनन त्या मानाने अगदी थोडं. या मालिकेवर जीव जडण्याचं माझ्यासाठी हेच मोठं कारण आहे.

बेथेस्डाने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, अधिकृत यादी दिली आहे का?

नाही. स्टार वॉर्सच्या बाबतीत लुकासफिल्मने २०१४ साली जाहीर करून जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स 'लेजंड्स' या वेगळ्या खात्यात टाकल्या. हे धरा, ते सोडा, असा स्पष्ट निकाल वाचकांना मिळाला. एल्डर स्क्रोल्ससाठी असा निकाल कधी लागला नाही. गेम, त्यांची विस्तारं, गेमच्या खोक्यातून आलेल्या पुस्तिका, कादंबऱ्या, मोबाइल गेम, लेखकांनी गेमबाहेर लिहिलेले मजकूर, हे सगळं शेजारी शेजारी पडलेलं आहे आणि त्याची प्रतवारी चाहत्यांनी आपापल्या परीने केली आहे. १९९५ पासून चालू असलेलं 'अनऑफिशियल एल्डर स्क्रोल्स पेजेस' हे संकेतस्थळ गेममधला मजकूर आणि गेमबाहेरचा मजकूर वेगळा ठेवतं. ती पद्धत चांगली आहे, पण ती चाहत्यांची आहे, कंपनीची नव्हे.

गेममधली पुस्तकं खरी मानायची का?

पुस्तक गेममध्ये आहे हे कॅनन. पुस्तकातला मजकूर खरा आहे हे कॅनन नाही. हा फरक लक्षात आला की निम्मे वाद मिटतात.

मोरोविंडपासून तर हे फारच ठळक होतं. कपाटातलं जवळपास प्रत्येक पुस्तक त्या जगातल्या कोणीतरी लिहिलेलं असतं: साम्राज्याच्या पगारी इतिहासकाराने, मंदिराच्या पुजाऱ्याने, नाहीतर ज्याचं पुस्तक जवळ सापडलं तर शिक्षा होईल अशा बंडखोराने. आपण बखर वाचताना ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली ते आधी पाहतो. इथेही तेच करायचं.

नेरेवारच्या मृत्यूचं उदाहरण घ्या. पहिल्या युगात, सन ७०० च्या सुमारास, रेड माउंटनपाशी मोठी लढाई झाली. ड्वेमर ही अख्खी जमात त्या दिवशी नाहीशी झाली आणि डनमरांचे पूर्वज असलेल्या चायमर लोकांचा सेनापती नेरेवार मेला. इतकं सगळ्यांना मान्य आहे. कसा मेला, इथून फाटे फुटतात. ट्रिब्युनल मंदिराच्या शिकवणुकीप्रमाणे त्याला लढाईत जखमा झाल्या आणि त्यातून तो गेला. अ‍ॅशलँडर टोळ्यांची परंपरा सांगते की अल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक या त्याच्याच तीन सल्लागारांनी त्याचा खून केला आणि लोर्खान या मृत देवाच्या हृदयाची शक्ती चोरून ते देव झाले. ही दुसरी कथा नेरेवारचा ढालकरी अलांड्रो सुल याच्याकडून आली असं म्हणतात, आणि मंदिर ती आपल्या गुप्त ग्रंथांत कुलूपबंद ठेवतं. गेमच्या शेवटाकडे तुम्ही खुद्द व्हिवेकसमोर उभे राहून त्याला विचारू शकता. तो खून नाकारतो. गेम तुम्हाला निकाल देत नाही. आणि तुम्ही नेरेवारचाच पुनर्जन्म म्हणून हे सगळं ऐकत असता, म्हणजे चौकशी स्वतःच्याच खुनाची चालली आहे. व्हिडिओ गेममध्ये इतक्या धाडसाने प्रश्न उघडा ठेवलेला फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

सम्राट टायबर सेप्टिमचंही तसंच. साम्राज्याच्या अधिकृत इतिहासात तो अ‍ॅटमोरामध्ये जन्मलेला वीर, पुढे देव झालेला टालोस. 'द आर्क्टुरियन हेरेसी' हे पुस्तक सांगतं की तो हाय रॉकमधल्या अल्केअरचा ह्याल्टी नावाचा माणूस होता, आणि त्याच्या नावावरचे पराक्रम प्रत्यक्षात एकाहून अधिक माणसांचे होते. दोन्ही मजकूर बेथेस्डाचेच. दोघांपैकी कोणत्याही एकावर 'हाच खरा' असा शिक्का बसलेला नाही.

व्हिवेकच्या छत्तीस प्रवचनांत गुप्त कबुली आहे म्हणतात, ते खरं आहे का?

हो, आणि ती गेमच्या आतच सापडते. 'द थर्टी-सिक्स लेसन्स ऑफ व्हिवेक' ही मोरोविंडमधली ३६ छोटी पुस्तकं. वरवर पाहता गूढ, काव्यमय, बऱ्याचदा अगम्य. एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची एक यादी येते. ती किल्ली म्हणून वापरून प्रत्येक प्रवचनातला ठरावीक क्रमाचा शब्द उचलला की वाक्यं तयार होतात. त्यांचा आशय असा: तो देव म्हणून जन्मला नव्हता, नशिबाने त्याला या गुन्ह्याकडे ढकललं नाही, हा मार्ग त्याने स्वतःच्या मर्जीने निवडला, देवत्व चोरलं आणि हॉर्टाटॉरला, म्हणजे नेरेवारला, मारलं. खाली सही व्हिवेकची. शेवटच्या प्रवचनातल्या परिच्छेदांची आद्याक्षरंही खुनाकडेच बोट दाखवतात.

मग प्रकरण मिटलं का? पुरावा म्हणून याचं वजन मोठं आहे, अ‍ॅशलँडरांची कथा यामुळे बळकट होते, आणि मी स्वतः खून झाला याच बाजूचा आहे. तरी एक गोष्ट विसरू नये. हा कबुलीजबाब ज्याने लिहिला तो कवी आहे, स्वतःच्या भूतकाळाला हवा तसा आकार देणारा देव आहे, आणि प्रत्यक्ष भेटीत त्याने नेमकं उलट सांगितलं आहे. दोन्ही बोलणी त्याचीच. म्हणून 'व्हिवेकने खुनाची लेखी कबुली दिली' हे कॅनन. 'व्हिवेकने खून केला' हा त्यावरून काढलेला, पण भक्कम, निष्कर्ष.

डॅगरफॉलचे इतके वेगवेगळे शेवट आहेत. त्यातला खरा कोणता?

सगळे. हे उत्तर पळवाटीसारखं वाटतं, पण त्यामागे विचार आहे.

१९९६ च्या डॅगरफॉलमध्ये सगळी ओढाताण एका वस्तूसाठी आहे: न्यूमिडियम नावाच्या प्रचंड पितळी महाकायाला ताब्यात ठेवणारा टोटेम. तुम्ही तो कोणाला द्यायचा हे तुम्ही ठरवता. सम्राटाच्या बाजूच्या ब्लेड्सना दिला तर प्रदेश साम्राज्याला मिळतो. डॅगरफॉल, वेरेस्ट किंवा सेंटिनेलच्या राजघराण्याला दिला तर ते राज्य शेजाऱ्यांना गिळतं. ऑर्कांचा राजा गॉर्टवॉग याला दिला तर ऑरसिनियमला मान्यता मिळते. मॅनिमार्को या मृतविद्येच्या उपासकाला दिला तर तो देव होतो. अंडरकिंगला दिला तर त्याला अखेर मरण लाभतं. एक घडलं तर दुसरं घडू शकत नाही.

पुढचा गेम करताना लेखकांपुढे नेहमीचा पेच होता. एक शेवट निवडावा, तर इतरांचा खेळ खोटा ठरतो. त्यांनी तिसरा रस्ता काढला. त्या जगात काळाचा देव अकाटोश हा ड्रॅगन आहे. न्यूमिडियम चालू लागला की काळच मोडतो, आणि एका वेळी परस्परविरोधी गोष्टी घडू शकतात. याला ड्रॅगन ब्रेक म्हणतात. तिसऱ्या युगाच्या ४१७ साली इलिअ‍ॅक खाडीच्या प्रदेशात हेच झालं. साम्राज्याच्या कागदपत्रांत त्याचं नाव 'मिरॅकल ऑफ पीस', सामान्यपणे 'वॉर्प इन द वेस्ट'. लोक सकाळी उठले तर सैन्यं भलत्याच ठिकाणी होती, शहरं जळालेली होती, डझनावारी छोट्या राज्यांच्या जागी चार मोठी राज्यं उरली होती, आणि मधल्या दिवसांत काय झालं याबद्दल कोणाच्याही आठवणी जुळत नव्हत्या.

याचे परिणाम पुढे खरोखर दिसतात, म्हणून मी याला नुसती युक्ती म्हणत नाही. डॅगरफॉलमध्ये ऑर्क निव्वळ शत्रू होते, मोरोविंडमध्ये तुम्ही ऑर्क म्हणून खेळू शकता, कारण ऑरसिनियमला आता साम्राज्यात स्थान आहे. ऑब्लिव्हियनमध्ये मॅनिमार्को हाडामांसाचा एल्फ म्हणून समोर येतो आणि तुमच्या हातून मरू शकतो, त्याच वेळी आकाशात 'नेक्रोमॅन्सर्स मून' म्हणून त्याचं दैवी रूपही आहे. देव झालेला मॅनिमार्को आणि न झालेला मॅनिमार्को, दोघेही त्या फुटलेल्या काळातून बाहेर पडले.

म्हणजे कुठलीही विसंगती दिसली की ड्रॅगन ब्रेक म्हणून सोडून द्यायचं?

कृपया तसं करू नका. ड्रॅगन ब्रेक ही त्या जगातली ठरावीक कारणांनी झालेली, नोंद असलेली, दुर्मीळ आपत्ती आहे. मारुखाटी पंथाच्या एका गटाने अकाटोशच्या स्वरूपात ढवळाढवळ केली तेव्हा पहिल्या युगात 'मिडल डॉन' झाला आणि तो १००८ वर्षं चालला असं सांगतात. मोरोविंडमधल्या 'व्हेअर वेअर यू व्हेन द ड्रॅगन ब्रोक' या पुस्तकात वेगवेगळ्या जमातींच्या साक्षी आहेत आणि त्यांचाही मेळ बसत नाही. प्रत्येक वेळी कारण आहे, साक्षीदार आहेत, परिणाम आहेत.

एका गेममध्ये एखाद्या शहराची भिंत उत्तरेला आणि दुसऱ्यात पूर्वेला आहे, यासाठी काळ मोडायची गरज नाही. तिथे नकाशा नव्याने काढला गेला इतकंच. जिथे गेमने स्वतः ड्रॅगन ब्रेक म्हटलं आहे तिथेच तो शब्द वापरावा. एरवी तो वापरला की विचार करणंच थांबतं, आणि या जगाचा आनंद तर विचार करण्यातच आहे.

सिरोडिल जंगल होतं की नव्हतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर तीन वेगवेगळ्या काळांत तीन प्रकारे दिलं गेलं.

१९९८ च्या रेडगार्ड या गेमसोबत 'पॉकेट गाइड टू द एम्पायर' ही छापील पुस्तिका आली. तिच्यात सिरोडिल, म्हणजे साम्राज्याचा मध्यवर्ती प्रांत, घनदाट उष्ण जंगलाने भरलेला होता. नद्या, भातशेती, कीटक, नाना पंथ. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन आला आणि लोकांना दिसली ती ओक-मेपलची शांत झाडी आणि हिरवे माळ. जुने चाहते नाराज झाले आणि ती नाराजी योग्य होती, कारण जे गेलं ते फार वेगळं आणि मोहक होतं.

पहिलं उत्तर त्याच गेममध्ये दडलेलं होतं. खलनायक मंकार कॅमोरानच्या ग्रंथात एक ओळ येते: ज्यांना 'किम' ही अवस्था साधते ते भूमीचा आकार बदलू शकतात, आणि पुरावा म्हणजे तांबड्या राजाचं एकेकाळी जंगल असलेलं घर. म्हणजे टायबर सेप्टिमने देव झाल्यावर जंगल पुसून टाकलं. दुसरं उत्तर गेमबाहेरून आलं: मोरोविंडच्या लेखकांपैकी एक, मायकल कर्कब्राइड, यांचा एक मजकूर फिरत होता, ज्यात टालोस आपल्या सैन्याला उद्देशून बोलतो आणि त्यांच्यासाठी भूमी बदलतो. २०११ मध्ये स्कायरिममध्ये व्हाइटरनच्या चौकात प्रवचन देणारा हाइम्स्कर त्याच मजकुरातल्या ओळी मोठ्याने म्हणताना ऐकू येतो. बऱ्याच जणांनी त्याला कंटाळून मारलं असेल, पण तो काय बोलतो ते एकदा थांबून ऐका.

तिसरं उत्तर 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये आहे. तिथल्या एका पुस्तकात एक विदुषी असा तर्क मांडते की 'जंगल' हा जुन्या ग्रंथाची नक्कल करताना शिरलेला चुकीचा शब्द असावा. तो गेम टायबर सेप्टिमच्या आधीच्या काळात घडतो आणि तिथेही सिरोडिल जंगल नाही, त्यामुळे लेखकांना काहीतरी म्हणणं भाग होतं.

कोणतं मानावं? मी चमत्काराची कथा धरतो. देवत्व मिळालेला माणूस भूतकाळासकट जमीन बदलत असेल, तर आधीच्या काळातही जंगल न दिसणं त्याच कथेत बसतं, आणि नंतरच्या पंडितांना जुना उल्लेख चूक वाटणं हेही बसतं. नकलेतल्या चुकीच्या तर्कातून या जगाला काही नवं मिळत नाही. पण हा माझा कौल झाला. कॅनन इतकंच की सिरोडिलमध्ये आज जंगल नाही आणि जुन्या लेखांत त्याचा उल्लेख आहे.

कर्कब्राइड यांनी कंपनी सोडल्यावर लिहिलेलं कॅनन आहे का?

मोरोविंडच्या काळातल्या लोरवर मायकल कर्कब्राइड यांचा ठसा फार मोठा आहे. व्हिवेकची प्रवचनं त्यांचीच. नोकरी सोडल्यानंतरही ते या जगाबद्दल लिहीत राहिले. पात्रांचे संवाद, सृष्टीच्या रचनेवरचे मजकूर, आणि २०१४ मध्ये 'कोडा' ही चित्रकथेची संहिता. 'कोडा'चा सूरच असा की हे जग एकाच मालकाचं नाही, प्रत्येक वाचकाची आवृत्ती तितकीच खरी.

काटेकोरपणे बोलायचं तर हे मजकूर कॅनन नाहीत. ते कंपनीने प्रकाशित केलेले नाहीत आणि पुढचा गेम त्यांना बांधील नाही. पण 'कॅनन नाही' म्हणून बाजूला सारले तर स्कायरिममधल्या कितीतरी गोष्टी कुठून आल्या तेच कळत नाही. हाइम्स्करचं वर सांगितलं. अल्डुइन हा ड्रॅगन जग गिळतो आणि मग नवं जग जन्मतं, ही कल्पांची मांडणीही कर्कब्राइड यांच्या गेमबाहेरच्या लेखनात आधी आली होती. स्कायरिममध्ये पार्थर्नाक्स हा दुसरा ड्रॅगन जेव्हा विचारतो की पुढच्या जगाचा जन्म तुम्ही का रोखता, तेव्हा तोच विचार गेममध्ये शिरलेला असतो. पुराणांतली कल्पाची कल्पना ओळखीची असलेल्या मराठी वाचकाला तो प्रसंग चटकन उमगेल.

मी हे लेखन विहिरीसारखं मानतो: गेम तिच्यातून पाणी उपसतात, पण उपसलेलं तेवढंच घरात आलं. एखादी गोष्ट गेममध्ये उतरली की ती धरावी, तोवर ती शक्यता म्हणून जवळ ठेवावी. आणि चर्चेत ती पुढे करताना ती गेमबाहेरची आहे हे सांगावं. हे न सांगितल्यामुळे नवीन लोकांचा फार गोंधळ होतो, कारण त्यांना ते पुस्तक कोणत्याच कपाटात सापडत नाही.

मोरोविंडचा नायक नेरेवारीन, ऑब्लिव्हियनचा नायक, स्कायरिमचा नायक ड्रॅगनबॉर्न: यांची जात, लिंग, स्वभाव कॅननमध्ये ठरलेला आहे का?

मुद्दाम ठरवलेला नाही. पुढच्या गेममध्ये त्यांचा उल्लेख पदवीनेच होतो आणि 'तो' की 'ती' हे टाळलं जातं. जाहिरातीत शिंगांचं शिरस्त्राण घातलेला नॉर्ड दिसतो म्हणून ड्रॅगनबॉर्न नॉर्ड पुरुषच होता असं ठरत नाही. तुमची खाजीट, म्हणजे मांजरासारख्या जमातीची, बाई तितकीच खरी. नेरेवारीनबद्दल ऑब्लिव्हियनमध्ये फक्त अफवा येते की मोहीम घेऊन अकावीर या दुसऱ्या खंडाकडे गेला किंवा गेली.

ऑब्लिव्हियनच्या नायकाचं जरा निराळं आहे. शिव्हरिंग आइल्स या २००७ च्या विस्तारात तो वेडाचा देव शिओगोराथ होतो. स्कायरिममध्ये भेटणारा शिओगोराथ बोलता बोलता जुन्या प्रसंगांच्या खुणा सांगतो, त्या नेमक्या ऑब्लिव्हियनमधल्या मोहिमांशी जुळतात. नाव घेतलेलं नाही, पण इशारा पुरेसा आहे.

अपवाद एक: रेडगार्डचा नायक सायरस. त्याचं नाव, जमात, बहीण, सगळं ठरलेलं आहे, कारण त्या गेममध्ये पात्र निवडण्याची सोयच नव्हती.

खाजीट प्रत्येक गेममध्ये वेगळे का दिसतात?

अरेनामध्ये ते जवळजवळ माणसंच होते. डॅगरफॉलमध्ये शेपटी आली. मोरोविंडमध्ये वाकलेल्या पायांचे, उघड मांजरमुखी. खरं कारण साधं आहे: चित्रकारांची कल्पना आणि यंत्रांची ताकद बदलत गेली. पण लेखकांनी आधीचं खोटं ठरवण्याऐवजी नियम शोधला. जन्माच्या वेळी दोन चंद्रांच्या कला कशा आहेत त्यावर खाजीटाचं शरीर ठरतं. अरेनातले ते ओम्स, डॅगरफॉलमधले ओम्स-राट, मोरोविंडमधले सुथे-राट. काही रूपं घरच्या मांजराएवढी, काही स्वारी करता येईल एवढी मोठी. २०१९ मध्ये 'ऑनलाइन'च्या एल्सवेअर या भागात त्यातली बरीच प्रत्यक्ष पाहायला मिळाली. जुनी विसंगती पोटात घेऊन जग अधिक समृद्ध करण्याचं याहून चांगलं उदाहरण या मालिकेत मला दिसत नाही.

'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' कॅनन आहे का?

आहे. २०१४ चा हा गेम झेनिमॅक्स ऑनलाइन स्टुडिओने केला, मुख्य मालिकेच्या चमूने नव्हे, म्हणून काही जण त्याला दुय्यम मानतात. पण तो अधिकृत आहे, मुख्य मालिकेच्याच नावाने चालतो आणि लोर सांभाळायला तिथे स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. सुरुवातीची बरीच वर्षं ते काम लॉरेन्स शिक यांच्याकडे होतं. काळही विचारपूर्वक निवडला आहे: दुसऱ्या युगातलं ५८२ साल, म्हणजे स्कायरिमच्या साधारण साडेनऊशे वर्षं आधी, जेव्हा सम्राटाची गादी रिकामी होती आणि ज्याबद्दल जुन्या गेमनी फारसं लिहून ठेवलं नव्हतं. मोकळी जागा पाहून त्यांनी घर बांधलं.

'तो सगळा काळ ड्रॅगन ब्रेक आहे' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. त्याला आधार नाही. अडचण येते ती एवढीच की तुमच्याबरोबर तीच मोहीम पार पाडणारे लाखो खेळाडू तिथे असतात आणि प्रत्येक जण स्वतःला जगाचा एकमेव तारणहार समजतो. ती अनेकांनी मिळून खेळायच्या गेमची रीत आहे. कथेत तारणहार एकच.

कादंबऱ्यांचं काय?

ग्रेग कीज यांच्या दोन कादंबऱ्या आहेत: 'द इन्फर्नल सिटी' (२००९) आणि 'लॉर्ड ऑफ सोल्स' (२०११). ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम यांच्यामधला काळ त्यांत येतो. व्हिवेक शहरावर अधांतरी तरंगणारा प्रचंड दगड कोसळला, रेड माउंटन फुटला आणि व्हार्डेनफेल उद्ध्वस्त झालं, हे वाचकांना आधी इथे कळलं. नंतर स्कायरिमच्या ड्रॅगनबॉर्न विस्तारात 'द रेड इयर' या पुस्तकांनी आणि सोलस्टाइम बेटावर पडणाऱ्या राखेने ते गेममध्ये पक्कं केलं. त्यामुळे या कादंबऱ्या मी कॅननमध्ये धरतो.

मोबाइल गेम, क्रिएशन क्लब, मॉड?

'ब्लेड्स'सारखे अधिकृत मोबाइल गेम धरावेत, पण त्यांनी या जगात फारशी भर घातलेली नाही. क्रिएशन क्लबचा जादा मजकूर बेथेस्डानेच विकायला काढला, तरी त्यातला बराचसा जुन्या गेममधल्या वस्तू परत आणण्यापुरता आहे. तो मुख्य कथेचा आधार म्हणून मी पुढे करणार नाही. मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल आणि भर, कॅनन नाहीत, मग ते कितीही सुंदर असोत. मोरोविंडची उरलेली मुख्यभूमी बांधणारं 'टॅमरिएल रिबिल्ट' दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यातलं लेखन काही वेळा मूळ गेमच्या तोडीचं आहे. ते खेळा, त्यावर प्रेम करा, पण वादात पुरावा म्हणून आणू नका.

व्हाइटरनमध्ये मोजकीच घरं आहेत. शहर खरंच इतकं लहान आहे का?

नाही. स्कायरिमचा अख्खा नकाशा चाळीस चौरस किलोमीटरच्याही आत बसतो. एवढ्यात नऊ सरदारांचा देश मावणार नाही. गेममधलं शहर ही खऱ्या शहराची छोटी प्रतिकृती समजायची. दहा मिनिटांत पार होणारा डोंगर कथेत अनेक दिवसांचा असतो, आणि शत्रूंच्या गराड्यात जेवणासाठी काळ थांबवून वीस चीजचे गोळे खाता येणं हा खेळाचा नियम आहे, त्या जगाचा नव्हे. हजारो गावं असलेल्या डॅगरफॉलचा विस्तार या बाबतीत खऱ्या टॅमरिएलच्या जास्त जवळ जातो, जरी ती गावं बहुतांशी संगणकाने पाडलेली आणि एकसारखी आहेत.

स्कायरिममधलं यादवी युद्ध कोण जिंकलं?

अजून कोणीच नाही. बंडखोरांचा नेता उल्फ्रिक मेला की नाही, सम्राट टायटस मीड दुसरा याचा खून झाला की नाही, हे तुमच्या खेळातच आहे. मुख्य मालिकेचा पुढचा गेम २०१८ मध्ये जाहीर झाला, पण तो येईपर्यंत याला उत्तर नाही. आधीच्या गेमवरून पाहिलं तर लेखकांकडे काही ठरलेले मार्ग असतात: दोनशे वर्षं पुढे उडी मारायची, म्हणजे निकालाला महत्त्व उरत नाही, दोन्ही बाजूंना नंतर सारखाच फटका बसला असं दाखवायचं, किंवा अफवांमधून धूसर ठेवायचं. दुसरा मार्ग मला सगळ्यात शक्य वाटतो, कारण थाल्मोर या एल्फ सत्तेची सावली दोन्ही बाजूंवर आधीपासून आहे. पण पुन्हा काळ मोडून सगळेच निकाल खरे केले तर मला वाईट वाटेल. डॅगरफॉलच्या वेळी न्यूमिडियम होता; इथे तसं कारण नाही.

दोन स्रोतांचं जमत नसेल तर वाद कसा घालावा?

आधी पाहा, गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर घडली की कोणी सांगितली. खेळताना घडलेलं सगळ्यात वजनदार. सांगितलेली असेल तर सांगणारा कोण, त्याचा फायदा कशात, तो तिथे हजर होता का. दोन साक्षी परस्परांच्या शत्रूंकडून येऊन जुळत असतील तर त्या बहुधा खऱ्या. मंदिर आणि अ‍ॅशलँडर दोघेही रेड माउंटनची लढाई झाली म्हणतात, म्हणून ती झाली. नवा गेम जुन्याला सरसकट रद्द करतो असं मानू नका, कारण नव्या गेममधलं पुस्तकही कोणा पंडिताचं मत असू शकतं. सृष्टीच्या उत्पत्तीसारख्या प्रश्नांत तर एकमत शोधायलाच जाऊ नका. एल्फांना लोर्खानने फसवून मर्त्य केलं असं वाटतं, माणसांना त्याने जगणं दिलं असं वाटतं, आणि 'द मोनोमिथ' हे पुस्तक दोन्ही कथा शेजारी ठेवून थांबतं.

नवीन माणसाने सुरुवात कुठून करावी?

मोरोविंडपासून. गेम जुना आहे, चालायला हळू आहे, पण या मालिकेत विचार कसा करायचा ते तिथेच शिकायला मिळतं. बालमोरात कायस कोसाडेसने दिलेली कामं करताना प्रत्येक माहिती देणाऱ्याची बाजू लक्षात ठेवा. अ‍ॅशलँडरांच्या छावण्यांत घाई करू नका, त्यांच्या ज्ञानी स्त्रियांशी सगळं बोलून घ्या. त्यानंतर डॅगरफॉल. बेथेस्डाने अरेना २००४ मध्ये आणि डॅगरफॉल २००९ मध्ये मोफत केला, आणि चाहत्यांनी बनवलेल्या 'डॅगरफॉल युनिटी'मुळे तो आजच्या संगणकावर नीट चालतो. स्कायरिम आधीच खेळला असेल तर त्यानंतर पुन्हा एकदा सुरू करा, आणि या वेळी व्हाइटरनमध्ये टालोसच्या मूर्तीपाशी हाइम्स्करचं प्रवचन संपेपर्यंत उभे राहा.